बातमीत कोण काय ‘म्हणाले’: क्रियापद निवडताना

बातमीतले प्रत्येक विधान कोणाच्या तरी शब्दावर उभे असते. तो शब्द कोणाचा, हे कर्ता आणि क्रियापद मिळून सांगतात. ‘सोमवारपासून पाणीपुरवठा सुरळीत होईल’ एवढेच छापले, तर हमी वृत्तपत्राची झाली. पुढे ‘असे कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले’ आले, की ती अभियंत्यांची झाली. इंग्रजी पत्रकारितेत हे काम ‘से’ या क्रियापदाचे ‘सेड’ हे भूतकाळी रूप जवळजवळ एकटेच करते. एका बातमीत ते दहा वेळा आले, तरी तिथल्या उपसंपादकाला खटकत नाही. अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम मांडले. संवादाला ‘सेड’खेरीज दुसरे क्रियापद जोडू नये, हा त्यांतला एक. कादंबरीत हा आवडीनिवडीचा प्रश्न असेल, बातमीत तो प्रामाणिकपणाचा होतो.

मराठीत अडचण सुरू होते ती शाळेतल्या निबंधापासून. तोच शब्द पुन्हा आला की लाल शाईची खूण होते, आणि पुढे वृत्तपत्रात आलेला उमेदवार पहिल्या परिच्छेदात ‘म्हणाले’, दुसऱ्यात ‘स्पष्ट केले’, तिसऱ्यात ‘नमूद केले’ आणि चौथ्यात ‘निदर्शनास आणून दिले’ असे लिहीत जातो. त्याला वाटते, शब्द बदलला, अर्थ तोच राहिला. प्रत्यक्षात अर्थ दर परिच्छेदाला सरकलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या दैनिकांत वर्षभर हटकून येणारा विषय म्हणजे पाणी. शहराची तहान पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते आणि नळाला पाणी येते ते काही दिवसांच्या खंडाने. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींवर गेली. आता समजा, एका आढावा बैठकीत ठेकेदाराचा प्रतिनिधी म्हणतो की मुख्य जलवाहिनीचे नव्वद टक्के काम झाले आहे. बातमीत ‘सांगितले’ लिहिले तर वार्ताहराने विधान पोहोचवले, बाकी काही केले नाही. ‘स्पष्ट केले’ लिहिले तर आधी कुठेतरी गोंधळ होता आणि तो आता फिटला असे झाले, म्हणजे नव्वदचा आकडा खरा ठरला. ‘निदर्शनास आणून दिले’ म्हटले की तो आणखी खरा ठरतो. कारण नसलेली गोष्ट निदर्शनास आणता येत नाही. ‘कबूल केले’ असे आले, तर प्रतिनिधी काहीतरी लपवत होता आणि उरलेले दहा टक्के त्याच्याकडून काढून घ्यावे लागले, असा वास येतो. ‘दावा केला’ म्हणजे वार्ताहराचा विश्वास नाही. ‘छातीठोकपणे सांगितले’ म्हणजे वार्ताहर मनातल्या मनात हसतो आहे. आकडा तोच, माणूस तोच, बैठक तीच. जलवाहिनीच्या कामावर एकदाही न गेलेल्या वार्ताहराने मात्र वाचकाला सहा वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या.

म्हणून क्रियापद ठरवताना वक्ता कसा बोलला हे दुय्यम धरावे. आपण स्वतः काय पडताळले, हे आधी पाहावे. काहीच पडताळले नसेल तर ‘सांगितले’ किंवा ‘म्हणाले’. कागद पाहिला असेल तर कागदाचे नाव. स्वतः जाऊन पाहिले असेल तर कोणाच्याही नावाची गरज नाही, सरळ लिहावे.

म्हणाले, सांगितले, म्हटले

ही तीन रूपे मराठी बातमीचा कणा आहेत आणि तिन्हींचे काम थोडे वेगळे आहे. ‘सांगणे’ माहितीचे: तारीख, आकडा, निर्णय, घडलेला प्रसंग. ‘म्हणणे’ मताचे आणि प्रतिक्रियेचे. ‘पंचनामे दोन दिवसांत पूर्ण होतील, असे तहसीलदारांनी सांगितले’ हे कानाला बरोबर लागते. ‘हा निर्णय घाईचा आहे, असे त्यांनी सांगितले’ हे चुकीचे नाही, पण ‘असे ते म्हणाले’ अधिक नेमके, कारण मताला माहितीचा पोशाख चढत नाही. ‘म्हटले’ हे रूप कागदासाठी राखून ठेवावे: निवेदनात म्हटले आहे, फिर्यादीत म्हटले आहे, परिपत्रकात म्हटले आहे. कागद ‘म्हणाला’ होत नाही, आणि ‘अहवालाने सांगितले’ हे इंग्रजीच्या वळणाचे वाक्य मराठीत उपरेच वाटते.

‘बोलले’ सहसा एकट्याने वापरू नये. त्याचे एक ठरलेले रूप मात्र मराठी बातमीत पाय रोवून उभे आहे: कार्यक्रमाच्या बातमीतला पहिला परिच्छेद संपतो आणि दुसरा ‘येथे आयोजित कार्यक्रमात ते बोलत होते’ असा येतो. याची टिंगल होते, पण ते उपयोगाचे वाक्य आहे. स्थळ, निमित्त आणि वक्ता एका दमात सांगून ते मोकळे होते. खरी टिंगल करावी ती ‘प्रतिपादन केले’ची. प्रतिपादन म्हणजे मुद्दा पुरावे देऊन मांडणे. सत्काराला उत्तर देताना ‘वाचनाने माणूस घडतो’ असे कोणी म्हटले, तर त्यात प्रतिपादन काहीच नसते. संस्थेकडून आलेल्या प्रेसनोटमध्ये हा शब्द असतोच, कारण त्याने पाहुण्यांचा मान राखला जातो. उपसंपादकाने तो काढून ‘म्हणाले’ करावा. पाहुण्यांचे काही बिघडत नाही. ‘आवाहन केले’ मात्र ठेवावे, पण जिथे श्रोत्यांना काही करायला सांगितले असेल तिथेच.

वाक्याच्या रचनेतली अडचण याहून मोठी. मराठीत क्रियापद शेवटी येते. चाळीस शब्दांचे विधान, त्यात दोन आरोप आणि एक आकडा, आणि सगळ्यांत शेवटी ‘असे अमुक यांनी सांगितले’, अशी बातमी वाचणारा निम्मे वाक्य होईपर्यंत ते वृत्तपत्राचेच म्हणणे समजून वाचत असतो. विधान वादग्रस्त असेल तर बोलणाऱ्याचे नाव आधी आणावे: ‘अमुक यांनी सांगितले, की…’ किंवा ‘अमुक यांच्या म्हणण्यानुसार…’. ‘की’ची रचना परकी म्हणून तिला नाके मुरडणारे जुने शुद्धलेखनकार आजही भेटतात. पण लांब वाक्यात ‘असे’पेक्षा ‘की’ वाचकाला लवकर सावध करतो, आणि बातमीत सावधपणाला सौंदर्यापेक्षा जास्त किंमत आहे. साधे, बिनवादाचे, छोटे विधान असेल तर ‘असे’ची रचनाच गोड लागते.

क्रियापदाच्या शेवटी दडलेला मान

इंग्रजीत नसलेला एक प्रश्न मराठीत रोज उभा राहतो. ‘सेड’ मंत्र्यालाही तेच आणि मजुरालाही तेच. मराठीत ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘म्हणाले’, ‘म्हणाल्या’ यांतून एक निवडावे लागते, आणि निवडताना हात आपोआप उतरंडीप्रमाणे चालतो. घाटी रुग्णालयातल्या गर्दीवर बातमी असेल, तर अधिष्ठाता ‘म्हणाले’, परिचारिका ‘म्हणाल्या’, आणि गंगापूर तालुक्यातून वडिलांना घेऊन आलेला पंचेचाळिशीचा शेतकरी ‘म्हणाला’. वाळूजच्या कारखान्यातल्या अपघातावर व्यवस्थापक ‘म्हणाले’ आणि कामगार ‘म्हणाला’. कोणी ठरवून केलेले नसते. पण त्या शेतकऱ्याच्या गावात पेपर वाचला जातो, तेव्हा ते एक अक्षर नेमके दिसते.

नियम सोपा ठेवावा: प्रौढ माणसाला आदरार्थी रूप, मग तो कोणीही असो. लहान मुलांना एकेरी चालते. खेळाडूंना एकेरी लिहिण्याची मराठी क्रीडापानांची सवय जुनी आहे. ती प्रेमाची असल्याने कोणी तक्रार करत नाही, पण अठरा वर्षांची बुद्धिबळपटू ‘म्हणाली’ आणि तिचे प्रशिक्षक ‘म्हणाले’ हे एकाच परिच्छेदात आले की विसंगती डोळ्यांत भरते. आरोपींना बहुतेक दैनिके एकेरीत लिहितात. गुन्हा सिद्ध होण्याआधी मान काढून घेण्याची ही पद्धत विचार करण्यासारखी आहे. निदान ज्या प्रकरणात आरोपी बडा आहे तिथे ‘ते’ आणि जिथे फाटका आहे तिथे ‘तो’, असा भेद तरी होऊ नये.

अवघडल्यासारखे झाले तर व्याकरणच सुटका करते. ‘म्हणणे’ भूतकाळात कर्त्याप्रमाणे बदलते, ‘सांगणे’ बदलत नाही. ‘कामगारांनी सांगितले’, ‘आयुक्तांनी सांगितले’, ‘विद्यार्थिनीने सांगितले’: क्रियापदाला ना लिंग, ना मान. एकाच बातमीत अनेक थरांतली माणसे बोलत असतील, तर अनुभवी उपसंपादक याच कारणाने ‘सांगितले’कडे वळतात.

दावा, आरोप, खंडन

‘दावा केला’ हे क्रियापद हल्ली मिठासारखे वापरले जाते. त्याची योग्य जागा एकच: ज्या गोष्टीचा पडताळा घेता येण्यासारखा आहे, पण अजून घेतलेला नाही किंवा दुसऱ्या बाजूने ती नाकारली आहे. मोर्चातल्या गर्दीचा आकडा हे त्याचे चांगले उदाहरण. मराठा क्रांती मूक मोर्चांतला पहिला मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच शहरात क्रांती चौकातून निघाला. तेव्हापासून आजतागायत कोणत्याही मोठ्या मोर्चाचे संयोजकांचे आकडे आणि पोलिसांचे आकडे कधी जुळलेले ऐकिवात नाहीत. अशा वेळी ‘संयोजकांचा दावा’ आणि ‘पोलिसांनी सांगितले’ असे लिहिणे म्हणजे निकाल देऊन टाकणे. पोलिसांनी तरी माणसे कुठे मोजलेली असतात? दोन्ही अंदाजच, म्हणून दोघांनाही एकच क्रियापद द्यावे. बातमी लिहून झाल्यावर दोन्ही बाजूंची क्रियापदे अदलाबदल करून वाचावीत. वाचताना अडखळायला झाले तर पारडे झुकलेले आहे.

‘दाव्या’ची आणखी एक पंचाईत न्यायालयाच्या बातम्यांत होते. दिवाणी न्यायालयात दाखल होतो तोही ‘दावा’च. ‘जमिनीवर आपला हक्क असल्याचा दावा त्यांनी केला’ म्हणजे ते पत्रकारांशी बोलताना तसे म्हणाले, की न्यायालयात गेले? जमिनीच्या व्यवहारांनी आणि वारसांच्या भांडणांनी भरलेल्या या जिल्ह्यात ही संदिग्धता महाग पडू शकते. न्यायालयीन अर्थ असेल तर ‘दिवाणी दावा दाखल केला’ असे पूर्ण लिहावे, आणि नसेल तर त्या बातमीत हा शब्दच टाळावा.

‘आरोप केला’ला पुढे चार गोष्टी लागतात: कोणी, कोणावर, नेमका कशाचा आणि त्यावर त्या माणसाचे म्हणणे काय. चौथी मिळाली नसेल, तर ती मिळवायचा प्रयत्न झाला का, ते सांगावे. ‘आरोप होत आहे’ या रचनेत पहिली गोष्ट गायब होते. ही रचना वाचकाने दिसल्या जागी संशयाने वाचावी.

‘खंडन केले’ आणि ‘इन्कार केला’ यांत तर रोज घोळ होतो. खंडन म्हणजे समोरच्याचे म्हणणे पुराव्याने खोटे पाडणे. नुसते ‘हे खरे नाही’ असे कोणी म्हटले तर तो इन्कार झाला. अधिकाऱ्याने फोनवर दोन शब्दांत आरोप नाकारला आणि बातमीत ‘आरोपांचे खंडन केले’ असे आले, तर वृत्तपत्राने त्यांना फुकट निर्दोष ठरवले. इंग्रजीतही ‘रिफ्यूट’ आणि ‘डिनाय’ यांच्यात हाच गोंधळ होतो, आणि भाषांतराच्या वाटेने तो मराठीत दुप्पट होऊन येतो.

पोलीस ठाण्यातून येणारी क्रियापदे

गुन्हेवृत्तात सर्वांत धोक्याचे क्रियापद म्हणजे ‘कबुली दिली’. पोलीस आयुक्तालयातल्या पत्रकार परिषदेत एखाद्या घरफोडीचा किंवा खुनाचा छडा लागल्याचे सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी छापून येते: आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. कायद्याच्या दृष्टीने या वाक्याला जवळजवळ किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातही कलम २५ ने हेच म्हटले होते. कबुलीला वजन येते ती दंडाधिकाऱ्यांसमोर, ठरलेल्या पद्धतीने नोंदवली गेली तर. त्यामुळे वार्ताहर, ज्याने आरोपीला बुरख्यात उभा असलेला फक्त पाहिला, तो ‘कबुली दिली’ असे आपल्या अंगावर लिहितो तेव्हा न्यायालय जे ऐकून घेणार नाही ते तो वाचकांना ऐकवतो. जास्तीत जास्त एवढे लिहावे: ‘चौकशीत संशयिताने गुन्हा मान्य केल्याचे पोलिसांनी सांगितले.’ त्यातही पोलिसांचे नाव वाक्यात राहिलेच पाहिजे, दुसऱ्या परिच्छेदात ढकललेले नको.

‘उघड झाले’, ‘निष्पन्न झाले’, ‘समोर आले’ ही त्याच घरची भावंडे. त्यांना कर्ता नसतो. काय समोर आले, कोणासमोर आले आणि कोणी आणले, हे विचारले की बहुतेक वेळा उत्तर एकच निघते: तपास अधिकाऱ्याने सांगितले. मग तसेच लिहावे. याउलट ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हा मराठी गुन्हेवृत्तातला अत्यंत उपकारक प्रयोग आहे. तो विधानाला त्याच्या जागेवर, म्हणजे एका कागदावर, ठेवतो.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: ‘अमुक म्हणाले’ असे जोडले की आपण सुटलो. तसे नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी छापणे हेही बदनामीच ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवेची शिक्षा आहे. न्यायालयाच्या कामकाजाचा तथ्यतः खरा वृत्तांत छापणे हा त्याच कलमातला अपवाद. चौकातल्या भाषणाला तो लागू नाही. क्रियापद बरोबर निवडल्याने वाचकाची फसवणूक टळते, वकिलाची नोटीस टळेलच असे नाही.

खंडपीठात कोण काय करते

मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांबरोबरच अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारची प्रकरणेही इथे चालतात. त्यामुळे शहरातल्या प्रत्येक दैनिकाला खंडपीठाची बातमी रोज लागते, आणि क्रियापदांचा सर्वाधिक काटेकोरपणा लागतो तोही इथेच.

न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलेला प्रश्न, त्यांनी बोलता बोलता दिलेला शेरा, लेखी आदेशातले निरीक्षण आणि प्रत्यक्ष आदेश या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘रस्ता कधी होणार?’ असे न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारले, तर ती ‘विचारणा केली’. ‘परिस्थिती गंभीर दिसते’ असे उद्गार निघाले, तर ती ‘तोंडी टिप्पणी’. तेच वाक्य आदेशात उतरले, तर ‘निरीक्षण नोंदवले’. आणि अमुक तारखेपर्यंत शपथपत्र दाखल करा असे लिहिले गेले, तर ‘आदेश दिला’. बातमीत या चौघांचे मिळून एक होते: ‘खंडपीठाने फटकारले’. फटकारणे, खडसावणे, कानउघाडणी करणे आणि ताशेरे ओढणे यांपैकी शेवटचे तेवढे अधूनमधून खरे असते, तेही आदेशाची प्रत हाती असेल तेव्हा.

तोंडी टिप्पणी छापूच नये असे मात्र नाही. मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल केलेल्या कडक तोंडी शेऱ्यांवरून आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ६ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीतल्या तोंडी शेऱ्यांच्या वार्तांकनावर बंदी घालायला नकार दिला. छापावे, पण तोंडी आहे हे सांगून छापावे. म्हणूनच इथे क्रियापदाला विशेषण लागते.

वकील न्यायालयात ‘सांगत’ नाहीत, ‘युक्तिवाद करतात’, तोही कोणाच्या वतीने हे लिहून. शपथपत्रात ‘नमूद केलेले’ असते. हा शब्द तिथेच शोभतो. आणि ‘नोटीस बजावण्याचे आदेश’ म्हणजे याचिकाकर्त्याचे म्हणणे न्यायालयाला पटले, असा अर्थ होत नाही. समोरच्याला बोलावून घेतले, एवढाच होतो. ‘खंडपीठाची महापालिकेला नोटीस’ या मथळ्यातली चपराक ही वाचकाच्या मनात उमटते, आदेशात नसते.

टोला, घणाघात आणि मथळा

निवडणुकीच्या दिवसांत ‘म्हणाले’ हे क्रियापद मराठी वृत्तपत्रांतून जवळपास रजेवर जाते. नेते टोला लगावतात, चिमटा काढतात, तोफ डागतात, घणाघात करतात, हल्लाबोल करतात, टीकास्त्र सोडतात, खडे बोल सुनावतात, आणि काहीच जमले नाही तर गौप्यस्फोट करतात. मराठीची ही श्रीमंती खरी आहे, आणि अग्रलेखात किंवा सदरात ती हवीच. बातमीत अडचण अशी, की तोफ डागली म्हटल्यावर गोळा कसला होता हे वाचकाला कळत नाही. शब्द वाचला, दंगा ऐकू आला, मुद्दा हाती लागला नाही. ‘टोला’ चांगला होता की नाही हे विधान जसेच्या तसे दिले तर वाचक स्वतः ठरवतो. गौप्यस्फोटाची कसोटी आणखी साधी: ती गोष्ट आधी कोणाला ठाऊक नव्हती आणि आता खरी ठरली आहे का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ नसतील तर तो गौप्यस्फोट नव्हे.

मथळ्यात जागा कमी, म्हणून पहिली कुऱ्हाड ‘म्हणाले’वर पडते. ‘योजनेत मोठा गैरव्यवहार’ असा मथळा आणि आत सहाव्या ओळीत ‘असा आरोप विरोधी पक्षाने केला’ ही विसंगती भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेलाही मान्य नाही: मथळ्यात आरोप असेल तर तो करणाऱ्याचे नाव द्यावे, निदान अवतरणचिन्हे तरी घालावीत, असे ती सांगते. मराठीत अपूर्णविराम हे काम दोन टिंबांत करतो: ‘योजनेत गैरव्यवहार : विरोधकांचा आरोप’. उद्गारचिन्ह कोणाचेच म्हणणे नसते, त्यामुळे ते मथळ्यातून निघालेलेच बरे.

समजते, कळते, म्हणे

नाव न देता माहिती देण्याची मराठीत मोठी सोय आहे. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा आहे’, आणि या सगळ्यांचा खापरपणजोबा ‘म्हणे’. बोलीत ‘म्हणे’ लावला की बोलणारा अर्धवट सुटतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असते. बातमीला ही पळवाट नाही. ‘समजते’ तेव्हाच लिहावे, जेव्हा माहिती देणारा नेमका कोण हे वार्ताहराला आणि त्याच्या संपादकाला माहीत आहे, त्याला ती माहिती असण्याचे कारण आहे, आणि नाव लपवण्यालाही कारण आहे. ‘सूत्रांनी सांगितले’मध्ये सूत्रे एकापेक्षा अधिक आहेत असा अर्थ येतो, एकच असेल तर ‘एका अधिकाऱ्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले’ हे लांब असले तरी खरे आहे. ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ हे बहुधा चहाच्या टपरीवरच्या तिघांचे बोलणे असते.

मराठी गद्याची सुरुवात याबाबतीत बरीच चोख होती. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून. त्याच आठवणींच्या लीळाचरित्रात ‘म्हणितलें’ हे क्रियापद पदोपदी येते आणि त्याचा कोणाला कंटाळा येत नाही.

दुसऱ्या भाषेतून येताना

छत्रपती संभाजीनगरात वार्ताहराशी सगळे मराठीत बोलत नाहीत. शहागंजातला व्यापारी दखनीत बोलतो, शेंद्र्याच्या उद्योगातला व्यवस्थापक हिंदी-इंग्रजीत, अजिंठ्याहून परतलेला पर्यटक आणखी कशात तरी. त्यांचे शब्द मराठीत आणून दुहेरी अवतरणात घातले, की ते त्यांचे उरत नाहीत, वार्ताहराचे होतात. अशा वेळी विधान अवतरणाबाहेर काढून आशय द्यावा. एखादा शब्द त्यांचाच हवा असेल तर तेवढाच, त्याच भाषेत, अवतरणात ठेवावा. शहराच्या नावाचाही प्रश्न इथेच सुटतो. केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी नामांतराला मंजुरी दिल्यानंतर वृत्तपत्राने स्वतःच्या वाक्यात कोणते नाव वापरायचे हे त्याचे धोरण ठरवते. पण अवतरणात वक्ता जे बोलला तेच राहते. बोलणारा ‘औरंगाबाद’ म्हणाला असेल तर तेच, ‘संभाजीनगर’ म्हणाला असेल तर तेच. अवतरण दुरुस्त करण्याचा अधिकार उपसंपादकाला नाही.

पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी मराठीत करताना ‘सेड’ बहुतेक ठिकाणी ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितले’ होतो आणि तिथे काही बिघडत नाही. बिघडते ते ‘अॅडेड’पाशी. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘त्यांनी जोडले’ असे येते आणि घाईच्या वेळी तसेच छापले जाते. मराठीत माणूस बोलताना काही जोडत नाही, तो ‘पुढे म्हणतो’ किंवा ‘असेही म्हणतो’. ‘टोल्ड रिपोर्टर्स’ म्हणजे ‘पत्रकारांशी बोलताना म्हणाले’. ‘अॅकॉर्डिंग टू’ दर वाक्याला ‘नुसार’ करण्यापेक्षा कधी ‘यांच्या म्हणण्याप्रमाणे’, कधी ‘यांच्या मते’ असे आशय पाहून करावे, आकड्याला मत चिकटवू नये. ‘अॅलेजेडली’ला मराठीत ‘कथित’ हा शब्द रुळला आहे, पण तो विशेषण म्हणून कुठेही चिकटतो आणि ‘कथित मृत्यू’ असले चमत्कार घडतात. मृत्यू झालेला असतो, कथित असते ते त्याचे कारण. तिथे ‘कथित’ काढून, कारण कोण सांगते त्याचे नाव आणि ‘म्हणणे’ घालावे.